साल

आंजर्ल्याच्या सड्यावर, जुबेदा मापारींच्या कुंपणाला
गेल्या वैशाखात मी हात लावला.
करवंदाची जाळी, तीन माणसं रुंद.
वाट तेवढी मोकळी कर, म्हणाल्या,
काट्यांना काट्यांच्या जागी राहू दे.
प्रत्येक कापावर पांढरा चीक आला.
बघा, स्वतःचं मलम स्वतःच लावतं, मी म्हणालो.
लावू दे. पण तुझी कात्री कुठून आली?

मी हसलो होतो.

कात्री आली होती मुर्डीहून,
एका वाळत्या जाळीतून.
पुसली होती. लेंग्याला.

आता दसरा उलटलाय.
फांदीच्या काखेत साल खाली बसलीय,
कडेने चीर, चिरेवर काळे ठिपके,
नाचणीहून बारीक.
चाकूने खरवडतो : हिरवं असायला हवं तिथे
भिजवलेल्या चिंचेचा रंग.

ही बुरशी दार फोडत नाही.
चीक सुकेपर्यंतच्या ओल्या घटकेत आत येते
आणि मग तिला कसलीच घाई नसते.
सालीखाली, जिथून पानं मुळांशी बोलतात,
तिथे ती फिरत राहते, मनगटात बांगडी भरावी तशी.
बांगडी पुरी झाली
की वरचं सगळं आठवड्यात वाळतं.
पानं गळतसुद्धा नाहीत.

ठिपक्यांवरून थेंब उडाले खालच्या फांदीवर,
तिथून शेजारच्या.
पावसाला काय माहीत.
मला माहीत असायला हवं होतं.

"किती कापणार?"
काळ्याच्या खाली वीतभर. लाकूड पांढरं लागेल तिथवर.
"आणि लोणचं?"
पुढच्या वर्षी नाही.
त्या बोटांवर मोजतात : कुवेतच्या दोन बरण्या,
नणंदेची एक, मशिदीच्या जेवणाची मोठी.
मग आत जातात, आणि येतात ती
मिस्टरांच्या सुयांसाठी आणलेली स्पिरिटची बाटली घेऊन.
कठड्यावर ठेवतात. बोलत नाहीत.

एक काप, पाती बुडवायची.
एक काप, पाती बुडवायची.
मोरचूद-चुन्याचं निळं मलम बोटाने भरायचं,
बोटात काटा मोडला तरी भरायचं.
छाटलेलं चुलीसाठी ठेवायचं नाही,
कातळावर नेऊन इथेच जाळायचं.

संध्याकाळपर्यंत कुंपणात एवढं भगदाड
की त्यातून खाडी दिसते.
"बरी दिसते," जुबेदाबाई म्हणतात,
आणि मला कळत नाही हे मला आहे की खाडीला.

एक साल गेली. एक साल गेलं.
उद्या मुर्डी.
आणि मुर्डीनंतर वैशाखात मी जिथे जिथे गेलो
ती सात घरं.