झाकणावरचं नाव

तोकुजीला ऐकू येत नसे.
लोक म्हणत, भट्टीनं त्याचे कान नेले.
खरं तर लहानपणीचा ताप.

ओनुइ त्याच्याशी लिहून बोलायची.
चुलीच्या राखेत, दाराच्या ओल्या फळीवर,
मिठाच्या दुकानातल्या पाठकोऱ्या पावत्यांवर,
घाई असली तर बोटानं त्याच्याच पाठीवर.
अक्षर असं वाहतं, की पोस्टमननं एकदा
तिचं पाकीट उलटं धरून पत्ता वाचला,
आणि बरोबर वाचला.

त्या सकाळी मिनाकुचीहून सांगावा आला,
धाकटी बहीण अडली आहे, लगेच या.
तोकुजी डोंगरावर पाइनची लाकडं बघायला गेलेला.
घरात कागदाचा कपटा नाही.
फळीवर सात वाडगे सुकत होते,
अजून गार, कातड्यासारखे.
तिनं केसातला आकडा काढला
आणि तिसऱ्या वाडग्यावर गोल फिरवत लिहिलं :

तोफू पाण्यात आहे
खिडकी लावून घ्या, मांजर येतं
मी जाऊन येते

मी नऊ वर्षांचा, लाकडं मोजायला ठेवलेला.
माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाली,
"आले की दाखव त्यांना."
मी हो म्हटलं.
मग अंगणात एक लाल चतुर आला.

अंधार पडेपर्यंत तोकुजी तिला शोधत होता.
हाक मारायची तर स्वतःचा आवाज किती मोठा, हेही त्याला ठाऊक नाही.
कंदील घेऊन नदीपर्यंत गेला,
गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला,
का उतरला ते कुणी विचारलं नाही.
रात्री ती परत आली, हातात बाळंतिणीकडची मिठाई,
आणि दारात हा ओल्या पायांनी उभा.
तिनं त्याचा हात धरून फळीपाशी नेला.
त्यानं वाचलं. परत वाचलं.
मी लाकडांच्या ढिगामागे.

तिनं ओलं फडकं आणलं, अक्षरं पुसायला.
त्यानं वाडगा उचलून छातीशी धरला.

तो भाजला गेला सातव्या दिवशी.
आतल्या वाऱ्यानं राख उडाली, वितळली,
हिरवी होऊन एका बाजूनं ओघळली
आणि शेवटच्या शब्दावर थांबली.
"चांगला वाडगा फुकट घालवलात," ओनुइनं राखेत लिहिलं,
आणि पुढची सव्वीस वर्षं त्यात खारवलेले आलुबुखार ठेवले.

आज क्योतोमध्ये, एका चहाच्या खोलीत,
माझे गुडघे एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ते तसं सांगत आहेत.
मुराओकाबाई पेटी पुढे सरकवतात.
झाकणावर कुणा जाणकाराच्या हातचं नाव :
"जाते."
एका बाईचा शेवटचा निरोप, त्या हळू आवाजात सांगतात,
संसार सोडून मठात निघालेली असावी. ओळी अशा लागतात :
पाण्यात चंद्र आहे,
खिडकी मिटली,
मी जाते.

वाईट नाही.
ओनुइला आवडलं असतं, आणि ती हसून हसून आडवी पडली असती.

वाडगा दोनदा फिरवायचा असतो.
मी फिरवतो. चहा कडू, फेसाळ.
अंगठा आपोआप हिरव्या ओघळावर जातो.
काचेसारखं गुळगुळीत,
पण खाली, अगदी खाली,
एक किंचित खळगा, मग एक वळण,
आकड्याच्या टोकानं ओढलेलं शेपूट.
डोळ्यांना दिसत नाही.
ये
ते

निघताना घरची बाई नुसतं "जाते" कधी म्हणते का?
पण हे मी त्यांना सांगत नाही.
पेटी महाग आहे, आणि बाईंचा आवाज फार सुंदर हलला होता.

"कसा वाटला?" त्या विचारतात.

मी वाडगा खाली ठेवतो, अक्षरं त्यांच्याकडे करून.
म्हणतो, "त्या रात्री खिडकी उघडीच राहिली होती.
पाण्यातला चंद्र
मांजरानं खाल्ला."