हात

निरभवणे बाईंनी मशीन रिक्षातून उतरवून घेतलं.
"मोटर काढा. माझं ऐकत नाही ती.
परवा बोटातून गेली सुई."
डावा पाय अजून ओढत चालतात.

भद्रकालीतल्या माझ्या गाळ्यात
दुपारभर रॉकेलचा वास.
तेलाचा पार डिंक झालेला.
शटलखाली दोऱ्याची गुंतवळ,
गणवेशाचा खाकी, परकराचा डाळिंबी,
आणि एक लांब केस, काळा.
तो मी पुडीत बांधून ठेवला,
का, ते विचारू नका.

चाक भरीव, त्याला हात बसेना.
आऱ्यांचं हवं, म्हणजे दांड्याचं बोट
आऱ्यांमध्ये अडकतं आणि फिरवतं.
गंगेवरच्या बाजारात तीन बुधवार गेले,
चौथ्या बुधवारी कुलपांच्या ढिगात सापडलं.
मूठ मात्र नाहीच.
घरचं लाटणं कापलं.
विमल दोन दिवस बोलली नाही.

सातपूरला बावीस वर्षं
मी फेरेच वाढवत होतो,
मिनिटाला हजार, मग बाराशे,
मग माझी गरज उरली नाही.

बाईंनी मूठ धरली. चाचपली.
एक फेरा, तीन टाके.
थांबल्या. सुई थांबली.
पुन्हा एक फेरा.
इतकंच करून बघत राहिल्या बराच वेळ,
कापड नव्हतंच खाली.

पैसे शंभर कमी दिले.
पंधरा दिवसांनी परत आल्या,
ते शंभर, आणि खणाची एक खोळ.
"मोटरला," म्हणाल्या. "धूळ बसेल."
टीप वाकडी होती,
वळणावर अगदी सावकाश गेलेली.