तक्ता चौतीस

उजेड असेतो आम्ही तिघी खिडकीशी बसतो.
रंग कालवायला कालवांची शिंपं,
डोक्यावर दोरीला टांगलेले तक्ते,
आणि तक्त्यांवर मासे: नुसत्या रेघांचे, कोरे.
तक्त्यामागे एक स्टायव्हर.
डाग पडला तर तोही नाही.

मी समुद्र पाहिलाय तो आम्स्टरडॅमच्या धक्क्यावरून,
हेरिंगच्या पिंपांपलीकडचा, राखी.
हे मासे आंबोनचे. आठ महिने जहाजाच्या पोटात
लवंगांच्या वासासकट आले, कागदावर.
ज्याने काढले तो कारकून तापाने गेला म्हणे.
समासात त्याने रंगांची आद्याक्षरं टिपलेली:
कल्ल्याशी र, परावर ब,
पोटाच्या रुंद पट्ट्यावर ग.

आमच्या बोलीत पिवळ्याचा ग, हिरव्याचाही ग.
करड्याचासुद्धा, पण करड्यासाठी
इतक्या लांबून मासा कोण पाठवेल?
हिलेखोंड म्हणाली, मालकाला विचार.
लुबेर्ट म्हणाला, उठावदार करा, गिऱ्हाइकाला काय कळतंय.
माझ्या शिंपेत पिवळा उरला होता.
एवढंच कारण.

मग पिवळा. चाळीस पिवळे, साठ पिवळे.
कोरणाऱ्यानेही पदरचं घातलं होतंच:
गालात हसू, कपाळावर एक चांदणी.
त्यांच्यात माझा पट्टा खपून गेला.

कालवे गोठले त्या आठवड्यात
दोमिंगुस आला, कंपनीच्या जहाजावरचा,
दुकानात ऊब घ्यायला. आंबोनचाच.
दोरीखालून जाता जाता थबकला, हसला.
चांदणीवर बोट ठेवून मान हलवली.
दोन तळव्यांत अंतर धरलं: एवढाच असतो.
मग बोटं तोंडाशी नेली, डोळे मिटले.
या माशाकडे कुणी भुकेने बघेल
हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी ग वर नख टेकवलं. हा कोणता?
तो पट्ट्याकडे बघत राहिला.
पाण्यात (हात तिरका धरला) असा.
वाळूवर (हात उलटा केला) असा.
आणि एक शब्द बोलला, कुनिंग.
मी समजल्यासारखी मान डोलावली.
कळलं नाही हे सांगायलाही
दोघांना ठाऊक असलेला शब्द लागतो.

ब्याऐंशीवा तक्ता मी हिरवा केला.
लुबेर्टने पाहिला नाही.
हिलेखोंडने पाहिला, बोलली नाही.
त्र्याऐंशीपासून पुन्हा पिवळा.
ती प्रत हार्लेमला गेली, कुणा वैद्याच्या कपाटात,
वासराच्या कातड्यात बांधून.

कुनिंग.
संध्याकाळी शिंपं धुताना म्हणून बघते अधूनमधून.
आधी निळ्याची धुतली असेल
तर त्याच पाण्यात पिवळ्याची बुडवताच
बादली हिरवी होते.