वापरात आहे

दुपारचे सव्वातीन. गोळीबार चौक.
कूलरच्या टाकीतलं पाणी संपलंय,
खसाची जाळी नुसता वाळल्या गवताचा वास फेकते.
काउंटरपलीकडे सुधाकर पराते,
खिशात रुमाल, रुमालात पैसे,
बाहेर ऑटो चालू ठेवलेला.

ड्राइव्ह निघत नाही.

'हे उपकरण वापरात आहे,' संगणक म्हणतो,
'वापरणारे प्रोग्राम बंद करा, पुन्हा प्रयत्न करा.'
कोण वापरतंय ते सांगत नाही.
भाडेकरूंच्या घरात असतं तसं,
नळ उघडा कोणी टाकला, कुणीच कबूल होत नाही.

मी खिडक्या बंद केल्या, स्क्रीनवरच्या.
खऱ्या तर मार्चपासून बंदच आहेत.
प्लेअर बंद केला,
अँटीव्हायरसला म्हटलं, बाबा, घटकाभर पड.
यादीत जाऊन एकेक चालू काम मारलं,
नावं अशी की तोंडात बसू नयेत,
आणि प्रत्येकाआधी तो विचारायचा, नक्की?
नक्की. नक्की. नक्की.

वापरात आहे.

ओढून काढता येते. माहीत आहे.
दोन हजार सोळात ओढली होती एकदा,
कामठीच्या निमजेंची हळद गेली.
नुसती हळद. लग्न राहिलं.
निमजेबाई अजून सक्करदऱ्याच्या बाजारात दिसल्या
की आधी माझ्या हाताकडे बघतात.

'काहून, निघून नाही राहिली काय?'
'निघते भाऊ. गरम झाली थोडी.'
'मंग ओढ ना.'
मी पाणी विचारतो.
ते माठाकडे बघतात, मग ऑटोकडे.

'विलास, तुझ्याकडे काही उघडं आहे का रे?'
पडद्यामागून आधी डबा मिटल्याचा आवाज येतो.
बावीस वर्षांचा पोरगा, उत्तराला वेळ घेतो.
'एक फोटो हाय, दादा.'

त्याच्या स्क्रीनवर, आठपट मोठा केलेला,
अकरा फेब्रुवारीचा ग्रुप फोटो.
डाव्या टोकाला थोरले पराते, गोविंदराव.
यांना काढायची ऑर्डर होती.
वाटणीत काय झालं ते आम्ही विचारलं नाही,
फोटोमागे चाळीस रुपये, एकतीस फोटो.
तिसांतून ते गेले होते.
त्यांच्या जागी मांडवाची झालर,
कुठे केळीचं पान,
एका ठिकाणी तर नुसती भिंत, जरा जास्तच स्वच्छ.

एकतिसाव्यात फेटा गेला होता, कपाळ गेलं होतं,
चष्मा अर्धा.
पण हात होता, सुधाकररावांच्या मुलीच्या डोक्यावर.
विलासने तीनदा पुसला, तीनदा मागे आणला.
'त्याच्याखालचे केस कुठून आणू?' म्हणाला.
सकाळपासून फोटो असाच उघडा,
ना जतन केलेला, ना सोडलेला.

बंद करायला गेलो तर पाटी आली:
बदल जतन करायचे?
होय. नाही. रद्द.

ऑटोवाल्याने भोंगा दिला.
काउंटरवर नाणं आपटत होतं, ठक, ठक.

मी 'नाही' दाबलं.
फोटो मिटला.
विलासने डबा पुन्हा उघडला,
उरलेली अर्धी पोळी खाऊ लागला.

'आता सुरक्षितपणे काढू शकता,' संगणक म्हणाला,
मधे काही घडलंच नसल्यासारखा.
निळा दिवा विझला.
आत काहीतरी फिरत होतं, ते मंदावत थांबलं.

'झाले ना सगळे?'
'तीस झाले,' मी म्हटलं. 'एकातून नाही निघाले ते.
चाळीस रुपये कमी द्या.'
त्यांनी रुमाल सोडला, नोटा मोजल्या,
मग बोट तसंच थांबलं.
'कोन्ता?'
मी सांगितलं.

ड्राइव्ह हातात धरून ते उभे राहिले.
गरम होती अजून.
भोंगा पुन्हा वाजला.
जाताना चाळीस रुपये काउंटरवर राहिले,
त्यांनी दिलेही नाहीत,
परत घेतलेही नाहीत.