हांगमात

कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागे,
हुतोक्षीबाईंच्या माडीवर आम्ही सहा जण
शनिवारी डच शिकतो.
बाकीचे पाच हिंजवडीचे, त्यांना बढती हवी आहे.
मला काय हवंय, तो रकाना मी फॉर्मवर रिकामा ठेवलाय.

परवा बाईंनी फळ्यावर लिहिलं : हांगमात.
"फोडा," म्हणाल्या.
फोडायचं म्हटलं की माझा हात आपोआप उठतो,
घरच्या तीन पिढ्या वाघोलीच्या खाणीत गेल्या.
हांग म्हणजे लटकणं, मात म्हणजे चटई.
दगडाची शीर सापडावी, तसे दोन तुकडे.

बाई हसल्या. "चूक, डिकरा. हा सांधाच खोटा."

दूर समुद्रात बेटं होती.
तिथली माणसं दोन झाडांत जाळी बांधून झोपायची,
म्हणायची हामाका.
स्पॅनिश जहाजांनी जाळी नेली, शब्द नेला.
माणसं सोन्याच्या खाणीत संपली, तापानं संपली.
शब्द बंदरं बदलत डचांकडे आला
आणि काही काळ हांगमाक म्हणून राहिला.
पण 'माक'चा अर्थ लागेना,
आणि अर्थ न लागणारं जिभेला कुसळासारखं टोचतं.
कुणीतरी टाकी मारली, क चा त केला.
झाली चटई.
टाकीचे घाव सोसून देवपण नाही आलं,
घरपण आलं.
आता कोणी विचारत नाही, तू कुठली.

माझं आडनाव वेल्हेकर.
"वेल्ह्याचे का? तोरण्याच्या पायथ्याचे?"
लोक खूश होऊन विचारतात. मी हो म्हणतो.
वडीलही हो म्हणायचे.
तोरणा मी एकदाच पाहिला, ऑफिसच्या सहलीत,
अर्ध्यातून परत आलो.
आजोबांना शाळेत घालताना पणजोबांनी सांगितलं होतं, वेलंकी.
मास्तरांच्या कानात ते बसेना.
त्यांनी आम्हाला एक गाव देऊन टाकलं,
फुकट, निळ्या शाईत.
खाली पणजोबांचा अंगठा.

रात्री आईला विचारलं,
खाणीवर बाभळीला लुगडं बांधून मला निजवायचीस,
त्याला आपल्यात काय म्हणायचे?
"झोळी. आणखी काय?"
मग भाकरी थापता थापता थांबली.
"जुन्या बायका दुसरंच काहीतरी म्हणायच्या..."

शब्द आला नाही.
पिठाचा हात तेवढा हवेत हलत राहिला,
पुढे, मागे,
तव्यावरची भाकरी करपेपर्यंत.