मोकळी चौकट

अठरा वर्षं मी या कॉलेजचं वेळापत्रक लावतो.
आजोबा पूर्व भागात मागावर बसायचे.
हजार धाग्यांत एक तुटला तरी
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.
मला तेवढं जमत नाही.
मंगळवारचा तिसरा तास कोण घेणार,
एवढंच कळतं.

सुगंती काळे, प्राणिशास्त्र.
पीएच.डी.ची नोंदणी झाली त्या दिवशी
स्टाफरूममध्ये तिनं पेढे वाटले
आणि पेढा घेता घेता कुणीतरी म्हणालं,
"तुमचं काय, सवलतच आहे."
मी ऐकलं. पेढा खाल्ला.

त्याच्याही आधीचं सांगतो, नाहीतर हे सगळं खोटं पडेल.
ती रुजू झाली त्या जूनमध्ये
प्रयोगशाळेच्या भांडाराची किल्ली तिला द्यायची होती
आणि मी म्हणालो, "राहू द्या, शिपाई उघडून देईल."
आत आठ सूक्ष्मदर्शक. त्यातले तीन बंद.
ती काही बोलली नाही.
रोज दारात उभी राहायची, वही छातीशी धरून.

विषय: नान्नजच्या माळावरचे तितर आणि लावे,
गवत कापल्यावर कुठं जातात.
मार्गदर्शक म्हणाले, संदर्भ द्या.
तिचा संदर्भ सेटलमेंटच्या मागं
पत्र्याच्या सावलीत बसलेला असतो.
नाव फौजदार. आज्यानं हौसेनं ठेवलेलं.
खऱ्या फौजदारानं चार वेळा उचलून नेलं त्याला,
एकदाही नाव न विचारता.
तो ओठ मुडपून लाव्याची मादी होतो
आणि रस्त्यापलीकडचं गवत उत्तर देतं.

हे छापील कुठं आहे?

मग एका एप्रिलात, बेचाळीस अंश, वीज गेलेली,
मी वेळापत्रक पसरून बसलो.
अभ्यासरजा संस्थेनं नाकारली होती: पर्यायी शिक्षक नाही.
शुक्रवार-शनिवारचे तिचे पाच तास.
तीन चौकटींत बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं,
दोन म्हमाणे मॅडमनी ओढून घेतले,
चहाचं बिल ओढून घ्यावं तसे.
मी वनस्पतीवाला.
बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे,
हे रात्री वाचलं, सकाळी शिकवलं.
पोरं हसली. हसू देत.

आणि किल्ली दिली.
सात वर्षं उशिरा. पितळी, जराशी वाकलेली.
तिनं उलटसुलट बघितली. म्हणाली,
"सर, त्या कुलपाला ही लागत नाही.
कुलूप मागच्या दिवाळीतच बदललंय."
नवी तिच्या पर्समध्येच होती.
शिपायानं दिलेली.

प्रबंध अजून पुरा नाही.
काल तिनं संदर्भसूची वाचायला दिली.
शेहेचाळीस नावं, आडनाव आधी.
सगळी पुस्तकं, नियतकालिकं, पानांचे आकडे,
आणि मधेच एक ओळ:
काळे, फौजदार. तोंडी. माळावर, पहाटे साडेचार.

मार्गदर्शकांनी तिच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.
तिनं ते खोडलेलं नाही.
ओळही नाही.