डावीकडे चार जास्त

आग्रा रोडच्या दुकानात नितेशने आधी विचारलं,
"काका नाही आले?"
काका घरी कूलरसमोर
बनियन वर करून बसले होते.
म्हटलं, दाखव.

त्याने खोक्यावरचा पिवळा आकडा दाखवला: हजार वॅट.
मी विचारलं, सगळे चॅनल एकदम चालले तर किती?
तो शेठजींकडे गेला.
शेठजी चष्मा पुसत पुस्तिका घेऊन आले.
ऐंशी निघाले, तेही दोनच चालू असताना.
ऐंशी पुष्कळ झाले. आमची देवपुरातली खोली दहा बाय चौदा,
आणि भिंतीपलीकडे सोनवणे बाईंना रक्तदाब.

"सात स्पीकरवाला घ्या ना मावशी, फ्युचरमध्ये..."
माझं फ्युचर पाचांत बसतं.
एचडीएमआयची भोकं मोजली, चार.
किती ओहम सोसेल ते पाठीवर वाचलं.
स्टॅबिलायझर वेगळा घेतला, भाव न करता,
इथली वीज मला माहीत आहे.

"फिटिंगला पोरगा पाठवतो. सहाशे."
नको.
एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजात होते.
एका हातात शहादा, दुसऱ्या हातात सुरत,
दोघांची गाठ घालून द्यायची
आणि आपण मधून निघून जायचं.
नेहमी जात नव्हते, ते सोडा.

लालला लाल, काळ्याला काळी.
उलटी लावली तरी आवाज येतो,
पण पोकळ,
नवराबायको पाठीला पाठ लावून बोलल्यासारखा.
तांब्याचा एक केस सुटला, शेजारच्या खुंटीला चिकटला,
यंत्र खट्‌कन बंद.
मी त्याला मनातल्या मनात शाबास म्हटलं.
डोक्यावर वीतभर मोकळी जागा ठेवा, असं पुस्तिकेत होतं.
मे महिन्यात ती धुळ्यात सगळ्यांनाच लागते.

मग तो माइक. सुपारीएवढा.
जिथे ऐकणाऱ्याचं डोकं येतं, तिथे ठेवायचा.
यांच्या खुर्चीत पाट, पाटावर डाळीचा डबा,
डब्यावर उपडा तांब्या, तांब्यावर तो.
पडद्यावर अक्षरं आली: शांतता राखा.
कूलर बंद केला.
"कसाले वं?" हे दारातून ओरडले.
तेवढ्यात सोनवण्यांची शिट्टी झाली. एक. दोन.
गोंगाट फार आहे, पुन्हा करा.

रात्री एकला पुन्हा केलं.
पांझरेपलीकडे माग चालूच होते,
पण ते यंत्राला ऐकू गेले नाहीत.
यांनाही नाही.
त्याच मागांजवळ हे जन्मभर उभे राहिले,
डावा कान मागाच्या बाजूला.
आता त्या बाजूने हाक मारली
तर हे टीव्हीच पाहत राहतात.

यंत्राने पाची कोपऱ्यांतून सर्र सर्र केलं,
मापं घेतली, अंतरं लिहिली,
पडदा सहा इंच सरकवल्याचंही त्याला कळलं.
आणि निकाल दिला: सगळं समसमान.
ऐकणाऱ्याला दोन कान असतात, हे ते धरूनच चालतं.
मी मॅन्युअलमध्ये शिरले.
डावा पुढचा, चार वर.
डावा मागचा, चार वर.
यंत्राने विचारलं, नक्की?
हो रे बाबा.

दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन आला.
"मावशी, बरोबर वाजतंय ना?"
नाही, म्हटलं, वाकडं वाजतंय. राहू दे.
मी यांच्या उजवीकडे बसते, मला तर सगळा सिनेमा
एका अंगाला कललेला दिसतो. म्हणजे ऐकू येतो.

त्यात एक सायकल होती.
मागून आली, डाव्या अंगाने, घंटी वाजवत.
हे वळले.
डावीकडे.
"मांगे कोन शे?"
कोनी नई शे, मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा बिनसला,
म्हणून उठून कूलर लावला.
मग दोघांनाही काहीच ऐकू येईना.
आवाज अडतीसवर नेला.
भिंतीवर सोनवणे बाईंनी थाप मारली,
तीही यांना ऐकू आली.